वरच्या कडेचं सील

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानोदुकानी फिरून काटे तपासले, खोटे निघाले ते उचलून आणले, खरे निघाले त्यांना सील लावलं. व्यापाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं, आधी पाठीमागे, मग तोंडावर. साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

अशा माणसाला व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत पंचाची खुर्ची मिळावी ही गंमतच होती. पण तिला कारण होतं. स्पर्धा भरवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज असा की माईकची गरज नाही, आणि हौस अशी की माईक हातातून सुटत नाही. त्याच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडू स्वतःचा कन्सोल घेऊन येई. हातात धरायचं, पडदा आणि बटणं एकाच अंगावर असलेलं यंत्र; खेळणाऱ्याच्या बोटांना आपल्याच यंत्राची सवय असते, दुसऱ्याचं दिलं तर हात बावचळतात. गेल्या वर्षी एका बहाद्दराने तपासणी झाल्यावर गुपचूप कन्सोल बदलला. बदललेल्या यंत्रात करामत अशी केलेली की बटण एकदा दाबलं तरी दहादा दाबल्यासारखं चाले. ते उघडकीला आलं तेव्हा हाणामारी झाली, खुर्च्या मोडल्या, भोंग्याचा चष्माही फुटला. म्हणून या वर्षी त्याला असा माणूस हवा होता, जो यंत्र तपासेल, सील लावेल, आणि ज्याच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

काटेसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं की माझी सख्खी भाची यात खेळते, तेव्हा दुसरा कुणीतरी बघा. भोंगा हसला. म्हणाला, साहेब, तुम्ही दुकानात पाणीसुद्धा प्यायला नाहीत कधी, तुमच्यावर कोण संशय घेणार? साहेबांना ते बरं वाटलं. चांगलं बोललेलं कुणाला बरं वाटत नाही?

भाचीला घरात चिमी म्हणत. वय बावीस. तिच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुसऱ्यांना नजर देता देता त्यांची स्वतःचीच नजर अधू झाली होती. दुकानात त्यांना हात हवा होता. पोरगी मात्र चार वर्षं गॅलरीत, जिन्यात, पाहुण्यांत, जिथे बघाल तिथे ते यंत्र घेऊन बसलेली. शेवटी बापलेकीत ठरलं. ही स्पर्धा जिंकणाऱ्याला देशाच्या संघात जागा होती, आणि जागा एकच होती. ती मिळाली तर जा, मी आडवा येणार नाही, वडील म्हणाले. नाही मिळाली तर एक तारखेपासून दुकानात बसायचं आणि यंत्र कपाटात जाईल. चिमीने शब्द दिला. त्या घरात दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती.

स्पर्धा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. जाळ्या काढून टेबलं मांडलेली, जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा तशाच. सकाळी नऊला काटेसाहेब दाराशी टेबल टाकून बसले. बत्तीस खेळाडू, बत्तीस कन्सोल. साहेब आपला लहान काटा घेऊन आले होते. एकाच बनावटीच्या दोन यंत्रांत दहा ग्रॅमचा फरक आला तर आत काहीतरी ढवळाढवळ आहे, हा त्यांचा हिशेब. वजन झालं की कन्सोल लॅपटॉपला जोडायचा, रबर लावलेल्या पेन्सिलीने एकेक बटण दहा वेळा दाबायचं, आणि पडद्यावर दहाच आकडा उमटतो का बघायचं. मग सील.

सील म्हणजे चंदेरी कागदाची पट्टी, बोटभर लांब आणि अंगठ्याएवढी रुंद. त्यावर साहेबांची सही. काढायला गेलं की फाटणार. ती कुठे लावायची हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. काटा जिथून उघडतो तिथे सील, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कन्सोलची दोन कवचं वरच्या कडेला जुळतात. तिथेच मधोमध पट्टी. पहिल्या दोघांना त्यांनी तशी लावली.

तिसरी चिमी. खेळातलं तिचं टोपणनाव आठपायी, म्हणून तिने कन्सोलच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगाने कोळ्याचं जाळं काढलेलं होतं, अगदी नाजूक, दिवसभर बसून काढल्यासारखं. वजन झालं, बटणं झाली. साहेबांनी पट्टी उचलली तेव्हा ती म्हणाली,

"मामा, खालच्या कडेला लावा हं. वर जाळी आहे."

साहेबांनी ते चित्र बघितलं. पोरीने एवढ्या हौसेने काढलंय, त्यावर पट्टी नको, असं ते समजले. खालच्या कडेलाही कवचं जुळतच होती, म्हणजे नियमाला बाध येत नव्हता. त्यांनी पट्टी खाली लावली. मागे रांग दारातून बाहेर गेली होती आणि भोंगा माईकवरून घाई करत होता. चौथ्या यंत्रापासून त्यांचा हात पुन्हा वर गेला.

सील फुटलेलं दिसलं की खेळाडू बाद, हा नियमही त्यांचाच. भोंग्याकडून त्यांनी तो तीनदा ओरडवून घेतला होता.

दिवस सुरळीत गेला. खेळ दोन योद्ध्यांच्या मारामारीचा; टोले खाऊन ज्याची पडद्यावरची जीवाची पट्टी संपेल तो हरला. सुरुवातीच्या लढती तीन डावांच्या, दोन डाव जिंकले की संपलं. दहा मिनिटांत निकाल. मध्ये अर्धा तास सुट्टी. दुपारी सील तपासताना साहेबांना काही यंत्रं कोमट लागली. दिवसभर लोकांच्या हातात आहेत, असा विचार करून त्यांनी ते सोडून दिलं.

चिमी एकेक करून चार जणांना घरी पाठवून अंतिम लढतीला पोचली. तिच्यासमोर आली ती एक नर्स. पस्तिशीची बाई, रात्रपाळी संपवून थेट आलेली, पायात अजून ड्यूटीचे पांढरे बूट. सगळे तिला सिस्टर म्हणत. खेळातलं तिचं नाव सलाईन होतं, कारण ती समोरच्याला एकदम मारत नसे, थेंबाथेंबाने संपवे. तिचा कन्सोल जुना, एक कोपरा उडालेला. फुरसत मिळाली की खिशातून बिस्किट काढून खायची आणि कुणाशी बोलायची नाही.

अंतिम लढत पाच डावांची होती. तीन जिंकेल त्याची जागा. डावाला वेळेची मर्यादा नाही, मध्ये फक्त तीन मिनिटं विश्रांती, आणि यंत्रं बंद करायची नाहीत. दोघी एका टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या, मध्ये प्लायवुडची फळी, एकीला दुसरीचा पडदा दिसू नये म्हणून. यंत्रं एका वायरने जोडलेली. चिमीच्या यंत्रावरचं चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. काटेसाहेबांची खुर्ची फळीच्या बरोबर मागे, दोन्ही पडदे दिसतील अशी. हॉलमध्ये दोघींना एकाच वेळी बघणारा तो एकटाच माणूस.

पहिला डाव सिस्टरने घेतला. घाई नाही, गडबड नाही. चिमीचा योद्धा पुढे आला की ही एक पाऊल मागे, तो थांबला की हिचा एक टोला. चिमीची जीवाची पट्टी अशी कमी होत गेली की कधी संपली ते लोकांना कळलंही नाही. दुसरा डाव लांबला. पंधरा मिनिटं चालला. चिमीने जीव तोडून खेळ केला, एकदा तर सिस्टरची जीवाची पट्टी दोऱ्याएवढी उरली होती. पण सिस्टरने तोही काढला. दोन शून्य.

साहेब खुर्चीत ताठ बसले होते. पंचाने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. पण अजून एक डाव गेला की पोरगी दुकानात बसणार, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं.

तिसऱ्या डावात वारं फिरलं. सिस्टर चुकायला लागली. ज्या टोल्याला ती हमखास बाजूला होई तो टोला तिला लागू लागला. तिने हात कपड्यांना पुसले, बोटं मोडली, कन्सोल धरायची पद्धत बदलली. लोक ओरडू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, सलाईन संपली, नवी बाटली लावा. सगळे हसले. साहेबांच्या मनात आलं, रात्रपाळी करून आलेली बाई, दमली बिचारी. आणि खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. तिसरा डाव चिमीचा.

चौथ्यात सिस्टर आणखी मागे पडली. आता साहेबांना चैन पडेना. त्यांची नजर सिस्टरच्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. बोट बटणावर बरोबर वेळेला पडत होतं. योद्धा मात्र उशिरा हलत होता. साहेब मनात मोजू लागले. बोट, मग एक, मग योद्धा. बोट, एक, योद्धा. पुन्हा तेवढंच. पुन्हा तेवढंच.

 आयुष्यभर ते एकच गोष्ट शिकले होते. माणूस चुकतो तेव्हा दर वेळी वेगळं चुकतो, कधी जास्त, कधी कमी. काटा चुकतो तेव्हा दर वेळी तेवढाच चुकतो. ही बाई चुकत नव्हती.

ते वायर तपासायचं निमित्त करून उठले आणि टेबलाच्या पुढे गेले. पंचाला तेवढी मुभा होती. वाकून त्यांनी चिमीच्या कन्सोलच्या वरच्या कडेसमोर तळहात धरला. हाताला गरम वाऱ्याची फुंकर लागली. पांढऱ्या जाळ्याच्या रेघांमध्ये बारीक बारीक फटी होत्या, आणि त्या फटींतून यंत्र श्वास सोडत होतं. मग त्यांनी हात सिस्टरच्या कन्सोलसमोर नेला. काही नाही. आतला पंखा मात्र डासासारखा गुणगुणत होता. फटींवर त्यांची चंदेरी पट्टी बसली होती आणि तिचा एक कोपरा उष्णतेने वर वळला होता. त्यावर त्यांचीच सही.

वर जाळी आहे. पोरीने सांगितलं होतं.

साहेब खुर्चीत परत कसे आले ते त्यांना कळलं नाही. समोर चौथा डाव संपला. दोन दोन. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. भोंगा माईकमध्ये ओरडला की शेवटचा डाव, तीन मिनिटं.

ते चिमीजवळ गेले. ती पाणी पीत होती, हनुवटीवरून ओघळलं होतं, डोळे चमकत होते. त्यांनी आवाज खाली ठेवला.

"सकाळी म्हणालीस ती जाळी कुठली?"

"कुठली म्हणजे?" ती म्हणाली. "हवा जायची जाळी. ती बंद झाली की यंत्र तापतं, आणि तापलं की स्वतःला वाचवायला हळू चालतं. का?"

"मला वाटलं तुझं चित्र."

चिमीने बाटली खाली ठेवली. तिने मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फळीकडे, जिच्या पलीकडे सिस्टर बसली होती.

"बाकीच्यांच्या कुठे लावलीत?"

"वर."

"सगळ्यांच्या?"

"तुझं सोडून सगळ्यांच्या."

तिचा चेहरा पांढरा पडला. मी सांगितल्यावर तुम्ही सगळ्यांच्याच खाली लावाल असं मला वाटलं, असं ती पुटपुटली. ते खरं असणार. साहेबांनी आयुष्यभर खोटं बोलणारे लोक बघितले होते आणि भाची त्यांच्यातली दिसत नव्हती. बिचारीला माहीत नव्हतं. पण आता माहीत झालं होतं, आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

भोंग्याने दोन मिनिटं पुकारली.

"मामा," ती म्हणाली, ओठही फारसे न हलवता, "आत्ता नको. डाव झाल्यावर सांगा."

"डाव झाल्यावर काय सांगू?"

"जे सांगायचं ते सांगा. पण आत्ता नको. एकच डाव राहिलाय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. लहानपणी ही पोरगी त्यांच्या काट्याच्या पारड्यात बसायला मागायची, आणि ते बसवायचे नाहीत, सरकारी काटा आहे म्हणून. आज पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे काहीतरी मोठं मागितलं होतं. आणि त्यांच्या मनात किती पळवाटा उभ्या राहिल्या म्हणून सांगू. सिस्टर काही बोलली नाही, मग आपण का बोलायचं? सील नियमाप्रमाणेच लावलं, कुठे लावायचं हे नियमात नव्हतंच. आत्ता बोललो तर लोक म्हणणार, मामाने भाचीच्या यंत्राला मोकळी हवा ठेवली आणि बाकी एकतीस जणांची नाकं दाबली. चौतीस वर्षांच्या नावाला एका दुपारी काळं फासलं जाणार. गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नाही. उद्या सगळी सीलं फाटून केराच्या टोपलीत.

पण तो पंखा गुणगुणत होता. एकदा कानाला लागल्यावर तो बंद होईना.

एक मिनिट, भोंगा ओरडला.

"चिमे, मला जमणार नाही गं," ते म्हणाले.

 तिने फक्त तोंड फिरवलं, आणि ते त्यांना बोलण्याहून जड गेलं.

साहेब भोंग्याकडे गेले आणि माईक मागितला. भोंग्याला वाटलं, ते विजेत्याबद्दल दोन शब्द बोलणार. काय झालं ते त्यांनी त्याच्या कानात सांगितलं तेव्हा त्याने माईक पाठीमागे लपवला. डाव होऊ द्या साहेब, तो गयावया करू लागला, नंतर आपण बसून बघू, गेल्या वर्षी चष्मा फुटला, या वर्षी डोकं फुटेल. साहेबांनी हात पुढे धरला आणि तसाच ठेवला. खात्यात असताना दुकानदाराकडून वजन मागताना ते असाच हात धरत. भोंग्याने माईक दिला.

ते फार बोलले नाहीत. सीलं मी लावली. वरच्या कडेला हवेची जाळी आहे हे मला माहीत नव्हतं. एका यंत्राचं सील खाली आहे, बाकीच्यांचं वर. ज्याचं खाली आहे ती माझी भाची. सिस्टरचं यंत्र माझ्या पट्टीमुळे तापलंय आणि उशिरा चालतंय. आधीच्या लढती लहान होत्या, त्यांत यंत्रं नुसती कोमट झाली. तिसरा आणि चौथा डाव खोट्या काट्यावर झाला. ते दोन्ही मी रद्द करतो.

 मग जो कल्लोळ उठला तो विचारू नका. कुणी म्हणालं, मामाचं प्रेम उतू गेलं. कुणी म्हणालं, पकडला जाणार म्हणून कबूल केलं. सकाळीच हरलेला एक केस कापणारा पुढे येऊन साहेबांच्या टेबलावर थाप मारून म्हणाला,

"काटेसाहेब, बाजारात तुमच्या नावाने शपथा घेतात. आता कुणाच्या घ्यायच्या?"

 साहेबांनी छातीवरचा पंचाचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला.

तेवढ्यात सिस्टर उठली. दिवसभर जी बाई बोलली नव्हती ती आता सावकाश बोलली, जणू पेशंटच्या नातेवाइकाला समजावतेय.

"मला वाटलं माझे हात गेले," ती म्हणाली. "रात्री दोन सुया चुकल्या होत्या माझ्या. म्हटलं, झालं, आता वय झालं." तिने कन्सोल उलटा करून कडेवर हात फिरवला आणि चटका बसून झटकला. मग भोंग्याकडे वळली. "पहिले दोन डाव माझे आहेत. ते मी खरे जिंकलेत, ते सोडणार नाही."

लोकांतून काही जण म्हणाले, शून्यापासून खेळा, तेच न्यायाचं. सिस्टरने मान हलवली. नाही म्हणजे नाही. सगळ्यांच्या नजरा चिमीवर गेल्या. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "दोन शून्य."

भोंग्याने दुसऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाला पंच म्हणून बसवलं. पट्टी काढली, अर्धा तास यंत्रं बंद ठेवली, थंड झाल्यावर खालच्या कडेला नवी पट्टी लागली, तिच्यावर नव्या पंचाची सही. काटेसाहेबांना हॉलबाहेर थांबायला सांगितलं. सांगताना भोंगा त्यांच्याकडे बघत नव्हता. ते व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले.

तिथून काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. एखादा ओरडा, मग शांतता, मग लोकांचा एकदम आत ओढलेला श्वास. कुणाचा टोला, कुणाला लागला, काही कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी गुडघ्यावरचे हात घट्ट धरले होते. तिसरा डाव किती वेळ चालला ते त्यांनी मोजलं. एकवीस मिनिटं. मग आतून मोठा गजर झाला आणि त्यात आठपायी, आठपायी ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले. दोन एक.

चौथा लवकर संपला. या वेळी गजर झाला नाही, टाळ्या झाल्या. लांब, सावकाश, मोठ्या माणसासाठी वाजवतात तशा. साहेब समजले.

बऱ्याच वेळाने चिमी बाहेर आली. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले, डोळे लाल, पण रडत नव्हती. बाकावर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, त्यांच्यापासून दोन हात लांब.

"तिसरा काढला मी," ती म्हणाली.

"ऐकलं."

"चौथ्यात काही नव्हतंच माझ्याकडे. ती मोठी खेळाडू आहे, मामा. तिचं यंत्र सकाळपासून थंड असतं तर तीन शून्यच झालं असतं." तिने खांद्यावरची पिशवी सावरली. "पण तुम्ही तेव्हा बोलला नसतात तर मी संघात गेले असते."

"गेली असतीस."

"राग आलाय मला तुमचा. लवकर जाणार नाही तो."

साहेबांनी मान डोलवली. नको म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता. आतून लोक बाहेर पडू लागले होते आणि जाता जाता त्यांच्याकडे बघत होते. कुणी नमस्कार केला नाही. केस कापणारा मात्र क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार होता, मग पुढे गेला.

चिमीने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं आणि घंटी वाजत होती.

"बाबांना तुम्ही सांगा."

पलीकडे मेहुण्यांनी लगेच उचलला, जणू फोन हातात धरूनच बसले होते. काय झालं, जिंकली का, असं एका दमात विचारलं.

साहेबांनी सुरुवात केली की सकाळी रांग फार मोठी होती, आणि तो भोंगा घाई करत होता. एवढं बोलून ते थांबले. हेच वाक्य त्यांनी किती दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं, गर्दी होती साहेब, घाई होती साहेब. दर वेळी ते वहीतून मान वर न करता म्हणत, पुढचं सांगा.

चिमी त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला.

"माझ्या हातून चूक झाली," काटेसाहेब म्हणाले, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगायला लागले. चिमीने पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.